बिनपगारी पूर्णवेळ सरपंच

वाक्य नबीलाचं होतं. पुढे जे काही झालं त्याबद्दल खारशेत गावात पुष्कळांनी पुष्कळांना दोष दिला, पण वाक्य नबीलाचं होतं हे तिने स्वतः कधी नाकारलं नाही. उलट सुरुवातीचे पंधरा दिवस ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणून दाखवत असे. “मी निवडून आलो तर मानधनाचा एक रुपयाही घेणार नाही, आणि पाच वर्षं दुसरा कोणताही धंदा करणार नाही.”

‘लोकप्रतिनिधींना पगार असावा का?’ या विषयावर ‘मुळीच नसावा’ असं सात मिनिटं गर्जून तिने तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढला होता. अकरावीतल्या मुलीला पहिला नंबर मिळाला की तिला देश सुधारायची घाई होते. देश जरा लांब होता. अब्बा मात्र घरातच होते, आणि नेमके सरपंचपदाला उभे होते.

अब्बा म्हणजे हाशिमभाय. तेरा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त करून गावी परतलेले, बाजारात फ्रिज, एसी आणि पाण्याच्या मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान असलेले, आणि माणसांपेक्षा मोटारींशी जास्त बोलणारे गृहस्थ. गावाने त्यांना उभं केलं ते याच कारणासाठी. आधीचे सरपंच फार बोलायचे. पत्रकाचा मजकूर नबीलाने लिहिला, आणि हाशिमभायनी तो छापून आल्यावर वाचला.

“दुसरा धंदा करणार नाय म्हणजे?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं. “दुकान?”

“अब्बा, हे तत्त्व आहे.”

“व्हय. पण दुकान?”

“तत्त्वात दुकान येतं.”

हाशिमभायनी पत्रकाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. पाचशे प्रती होत्या. छापून आलेल्या गोष्टीचा त्यांना फार आदर.

अम्मीने, म्हणजे जन्नतने, काही वाद घातला नाही. ती नुसती म्हणाली, “नबीला, तुला मिळालेली शील्ड काढून ठेव गो. पुढच्या महिन्यापासून तीच शिजवायची हाय.”

हाशिमभाय सतरा मतांनी निवडून आले. पडले ते विनोदशेठ. विनोदशेठकडे खडीचा ठेका, चार वडाप जीप, विम्याची एजन्सी आणि हायवेवर एक परमिट रूम. त्यांच्या पत्रकावर ‘व्यवसाय: समाजसेवा’ असं होतं. नबीलाच्या मते गावाने तत्त्वाला मत दिलं. अम्मीच्या मते गावाने विनोदशेठला दिलं नाही, एवढंच. पण विजयाच्या दिवशी असले बारकावे कोण बघतो.

दुसऱ्याच दिवशी दुकानाचं शटर खाली आलं आणि त्यावर नबीलाच्या वळणदार अक्षरातली पाटी लागली: ‘मालक जनसेवेत आहेत. काम असल्यास ग्रामपंचायतीत भेटावे.’ पाटीत काय चूक आहे ते तिला दोन दिवसांनी कळलं. लोक पंचायतीत आले. येताना पंखे, मिक्सर आणि एक जण तर आख्खं वॉशिंग मशीन घेऊन आला. ग्रामसेवक दीपकसाहेबांच्या टेबलावर उत्पन्नाच्या दाखल्यांशेजारी तीन इस्त्र्या ओळीने उभ्या राहिल्या.

“दाखला हवा असेल तर बोला,” हाशिमभाय म्हणायचे. “पंखा मी बघू शकत नाय.”

“बघू नका. नुसता ऐका. कसला आवाज येतोय तेवढं सांगा.”

हाशिमभाय ऐकायचे. ऐकताना त्यांची उजव्या हाताची बोटं आपोआप हवेतल्या हवेत स्क्रू फिरवत. मग ते हात टेबलाखाली घ्यायचे. शेवटी दीपकसाहेबांनी पाटीवर ‘सरकारी’ हा शब्द घालून घेतला: ‘सरकारी काम असल्यास’. त्यावर एक म्हातारे म्हणाले की मिक्सर त्यांच्या सुनेला सरकारी योजनेतूनच मिळाला आहे.

मग काशीमावशीचा फ्रीजर बिघडला. काशीमावशी खाडीच्या नाक्यावर मासळी विकतात, आणि त्यांचा आवाज उधाणाच्या दिवशीही पलीकडच्या बंदरावर जातो असं म्हणतात. त्या पंचायतीत आल्या त्या दाराबाहेरूनच बोलत.

“हाशिम, माझे बांगडे मऊ पडायला लागलेत रे.”

“रत्नागिरीचा मेकॅनिक बोलवा, मावशी. मला धंदा करता येत नाय.”

“रत्नागिरीचा परवा येणार. बांगडा परवापर्यंत थांबतो? मी मत कोणाला दिलं? फ्रीजर दुरुस्त करणाऱ्या हाशिमला. हा सरपंच कोण, मी ओळखत नाय.”

नबीलाने यावर दुपारभर चिंतन केलं आणि तोडगा काढला. पैसे घेतले तर धंदा. घेतले नाहीत तर शेजारधर्म. शेजारधर्माला पत्रकात बंदी नव्हती. हाशिमभायनी हा निकाल ऐकला आणि हत्यारांची पेटी घेऊन मागच्या दाराने असे निघाले की चपला घालायच्या राहिल्या.

फ्रीजर झाला, मागोमाग पंखे, मिक्सर, इस्त्र्याही झाल्या. आता आपल्याकडे कुणी फुकट काम केलं तर त्याला रिकाम्या हाताने कोण राहू देतो? दुसऱ्या दिवशी काशीमावशीकडून एक सुरमई आली. पंख्यावाल्याकडून सहा नारळ. मिक्सरवाल्यांकडून फणस, इस्त्रीवाल्यांकडून आमसुलं, आणि ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं त्यांच्याकडूनही, उद्या बिघडलं तर म्हणून, कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी. अम्मी पहिल्यांदा हसली. म्हणाली की तत्त्व जरा खारट आहे, पण भाताबरोबर जातंय.

तिसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरमईचा फोटो आला. खाली विनोदशेठने लिहिलं होतं: ‘सरपंचांचा नवीन दर. एका फ्रीजरमागे एक सुरमई. याला मानधन म्हणायचं की आणखी काही?’ मुंबईतले, पुण्यातले, कतारमधले गावकरी जागे झाले. एकशे चौदा मेसेज पडले. त्यातले चाळीस भ्रष्टाचारावर होते, आणि उरलेले सुरमई हल्ली कशी मिळते यावर.

नबीलाचा स्वाभिमान दुखावला. तिने तत्काळ पोटकलम काढलं: भेट म्हणूनही काही घ्यायचं नाही, आणि आलेलं परत करायचं. सुरमई खाऊन झाली होती. म्हणून बाजारातून दुसरी, तेवढीच लांब, विकत आणून ती काशीमावशीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. विकत घेतली तीही काशीमावशीकडूनच, कारण नाक्यावर दुसरं कुणी सुरमई ठेवत नाही.

काशीमावशी माशाकडे बघतच राहिल्या. “चाळीस वर्षं मासे विकतंय,” त्या सावकाश म्हणाल्या. “दिलेला मासा परत कोणी केला नव्हता. मयताच्या घरानं पण नाय.”

त्या दिवसापासून त्यांनी या घराशी बोलणं टाकलं, आणि काशीमावशींचं न बोलणं हे त्यांच्या बोलण्यापेक्षाही लांब ऐकू जातं.

दरम्यान मानधन नाकारण्याचं वेगळंच रामायण चाललं होतं. दीपकसाहेबांनी फायली उलटून पाहिल्या. “घेण्याचा नमुना आहे,” ते म्हणाले, “वाढवून मागण्याचा आहे, थकलं म्हणून तक्रारीचा आहे. नाकारण्याचा नाही.” मग साधा अर्ज घेऊन बापलेक तालुक्याला पंचायत समितीत गेले. तिथल्या क्लार्कने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, “हे पूर्वी कोणी केलंय का?”

“नाय.”

“मग तुम्हीच कशाला?”

पैसे तर खात्यावर येऊन पडले होते. ते परत करायला कुठलंसं लेखाशीर्ष लागत होतं, लेखाशीर्षाला वरच्या कार्यालयाचं मार्गदर्शन लागत होतं, आणि मार्गदर्शन करणारे ट्रेनिंगला गेले होते. अशा तीन खेपा झाल्या.

तिसऱ्या खेपेला जिन्यात एक मोठे पुढारी भेटले. त्यांच्या मागे आठ माणसं, खाली उभी गाडी एवढी उंच की चढायला पायरी. कुणीतरी त्यांच्या कानात हाशिमभायची गोष्ट सांगितली. साहेबांनी हाशिमभायचा खांदा थोपटला.

“शाब्बास. मीही आयुष्यात पगाराला हात लावलेला नाही. बाळ, तू लिहिलंस ना? राजकारण म्हणजे सेवा.”

नबीला मोहरून गेली. साहेब गेल्यावर तिने क्लार्कला विचारलं की साहेब काय करतात. क्लार्कने बोटांवर मोजायला घेतलं. चिरेखाण, खडी क्रशर, पेट्रोल पंप, दोन कॉलेजं. दुसऱ्या हातावर जायच्या आत एसटीची वेळ झाली. परतीच्या वाटेवर खेडच्या पुढे गाडी बंद पडली तेव्हा नबीलाच्या डोक्यात एक प्रश्न आला, की ज्याला पगार लागत नाही त्याला तो नाकारायला कितीसा त्रास पडत असेल. प्रश्न तिला आवडला नाही. तिने खिडकी लावून घेतली.

आणि इकडे हाशिमभाय बदलायला लागले.

आधी लक्षात आलं नाही. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन एक बाई आली, तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि शांतपणे म्हणाले, “हे बघा ताई, मी एक रुपया घेत नाय.” बाईने तक्रारीचा कागद परत पिशवीत ठेवला. यावर बोलणार काय? हाशिमभायना शोध लागला. जन्मभर हातांनी काम केलेल्या माणसाला एक वाक्य सापडलं, आणि ते हत्यारासारखं चाललं. दिवे लागत नाहीत? मी एक रुपया घेत नाय. मासळी बाजाराची शेड? एक रुपया घेत नाय. ऑफिसला येणं दहाचं अकरा झालं, अकराचं साडेअकरा. फुकट येणाऱ्याला उशीर कसा म्हणायचा? दुपारी पेपर तोंडावर घेऊन ते डुलकी काढत, आणि लोक दारातून बघून हळूच परत जात, देवळाच्या गाभाऱ्यातून परतावं तसे. घरातही तेच. अम्मीने दळण आणायला सांगितलं तर म्हणाले, “जन्नत, मी एक रुपया…”

“ते मला म्हायती हाय,” अम्मी म्हणाली. “मीच तो खर्च करत नाय ना.”

अशातच पाण्याचा पंप बंद पडला.

नदीकाठच्या पंपघरातून पाणी वर सड्यावरच्या टाकीत चढतं आणि तिथून सगळ्या गावाला येतं. गेली बारा वर्षं त्या पंपाची दुरुस्ती पंचायतीकडून हाशिमभायकडे होती. त्यांचा पंप तो. त्यांनी त्याला असं काही वळण लावलं होतं की लाल बटणाने चालू होई, हिरव्याने बंद, आणि स्टार्टरचं दार करवंटी लावून अर्धवट उघडं ठेवल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच होत नसे. हाशिमभाय पेटी घेऊन उठले, तशी दीपकसाहेबांनी वाट अडवली.

“सरपंचसाहेब, पंचायतीच्या कामात सरपंचाचा हितसंबंध आला तर पद जातं.”

“मी फुकट करतो.”

“फुकट केलंत तर चौकशी होईल, की फुकट का केलंत.”

मग तीन कोटेशनं मागवली. तीन मिळेपर्यंत उघडता येईनात, आणि तिसरं येईना. चार दिवस बायका जुन्या विहिरीवर कळश्या घेऊन रांगेत. पाचव्या दिवशी चिपळूणचा अनिल मेकॅनिक आला. त्याने स्टार्टरची पेटी उघडली, आत पाहिलं, आणि पुन्हा बंद करून पंपघराचा नंबर वाचला, आपण बरोबर ठिकाणी आलोय ना म्हणून.

“हे कोणी केलंय?”

सगळं गाव हाशिमभायकडे बघायला लागलं.

“मग त्यांनाच सांगा की हात लावायला.”

“त्यांना हात लावता येत नाही,” दीपकसाहेब म्हणाले.

“का? काय झालं हाताला?”

“निवडून आलेत.”

शेवटी असं ठरलं की हाशिमभायनी दहा फुटांवर उभं राहून फक्त तोंडाने सांगायचं. बोलणं हे सरपंचाचं कामच आहे, त्याला कायद्याची आडकाठी नाही. विनोदशेठ मोबाईल धरून समोर उभे राहिले, हाशिमभायचं बोट जरी पंपाला लागलं तरी टिपायचं म्हणून. हाशिमभायनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“ती पिवळी वायर काढा. नाय, ती नाय. ती पिवळी दिसते पण ती निळी हाय. त्या साली निळी मिळाली नव्हती.”

“आणि ही निळी?”

“ती अर्थिंग. तिला विसरा.”

“ही काळी?”

“ती कशालाच नाय जोडलेली. पण काढू नका, ती काढली की बंद पडतो.”

दोन तास हे चाललं. अनिलचा घाम हनुवटीवरून टपकत होता. शेवटची दोन टोकं राहिली, आणि त्याने नेमकं चुकीचं उचललं. नबीलाला ते दिसलं. लहानपणापासून दुकानात बसून ती हे सगळं शिकली होती. हाशिमभायना तर दिसलंच. त्यांचे हात पाठीमागून सुटले, एक पाऊल पुढे पडलं, आणि नबीलाने त्यांची बाही धरली.

“अब्बा, पद.”

तेवढ्यात टोकाला टोक लागलं. मोटारीने एक उसासा टाकला, वास सुटला, आणि पंपघराच्या कौलांतून धूर निघाला. अनिल म्हणाला की आता वाइंडिंग नवीन, म्हणजे आठ दिवस धरा.

गावाने हाशिमभायकडे पाहिलं. हाशिमभायनी सवयीने तोंड उघडलं. “मी एक रुपया…”

काशीमावशी तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलल्या. “ग्रामसभा घ्या,” त्या म्हणाल्या.

रविवारी मराठी शाळेच्या पडवीत ग्रामसभा भरली. एरवी कोरम भरायला वाटेवरचे वाटसरू आणावे लागतात, आज कंपाउंडवर माणसं बसली. विनोदशेठ उठले आणि राजीनामा मागायला लागले. लोकप्रतिनिधी स्वतःच्या पायावर उभा हवा, म्हणाले, त्याने कुणावर अवलंबून राहता कामा नये.

“तू बस,” काशीमावशी म्हणाल्या. “तुझे चार धंदे हायत, पाचवा तुला आमचा करायचाय.”

मग त्या हाशिमभायकडे वळल्या. “हाशिम, मी सांगतंय ते ऐक. तू चांगला माणूस हायस. पण तू फुकट राबतोस म्हणून आमची तोंडं शिवली गेली. मासा मऊ निघाला तर गिऱ्हाईक मला शिव्या घालतं. का? पैसे दिलेत त्यानं. मी ऐकून घेतंय. का? घेतलेत मी. तुला काय बोलणार? तुझ्यापेक्षा तो आधीचा बरा होता. खात होता, पण शिव्या देता येत होत्या. तू पगार घे. आणि दुपारनंतर दुकान उघड. उपाशी सरपंच आम्हाला नको, आणि पीरबाबा पण नको.”

पडवीत सगळ्यांनी माना हलवल्या. हाशिमभाय मात्र उभे राहिले, आणि खिशातून ते पत्रक काढून म्हणाले, “माझ्या लेकीनं लिवलंय. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलंय. शब्द फिरवणार नाय. तिनं सांगितलं तरच.”

आता दोनशे डोळे नबीलाकडे. तिचे कान तापले. माईकसमोर ती कधी घाबरली नव्हती, पण आजवर ती जिंकायला उभी राहिली होती. चुकलं म्हणायला उभं राहायची स्पर्धा तालुक्यात कुठे भरत नाही. धूर तिला अजून नाकात जाणवत होता, आणि अब्बांची बाही मुठीत. ती उठली, अंगावर नसलेला पदर सारखा केला, आणि सुरुवात केली:

“सन्माननीय व्यासपीठ, आणि लोकशाहीच्या या पवित्र मंदिरात जमलेल्या माझ्या…”

“भाषण नको गो,” काशीमावशी म्हणाल्या. “चुकलं का ते सांग.”

नबीलाच्या तयारीत हे नव्हतं. तिच्याकडे दोन दृष्टांत आणि एक कविता शिल्लक होती.

“चुकलं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की मागचे लोक ‘काय म्हणाली’ असं विचारायला लागले. मग ती मोठ्याने म्हणाली. “चुकलं. वाक्य ऐकायला छान होतं, म्हणून लिहिलं. अब्बांना हात लावू द्यायला हवा होता, तेव्हा मी बाही धरली. पद मला हवं होतं, अब्बांना नव्हे.” आणि खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अम्मीने शेजारून तिच्या हातावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली दिली. अर्धीच होती. गावात पाणी नव्हतं.

ठराव लिहिताना दीपकसाहेबांची पंचाईत झाली. सरपंचाने पैसे घेऊ नयेत म्हणून लोक भांडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. घ्यावेत म्हणून ठराव ते पहिल्यांदाच लिहीत होते. सूचक काशीमावशी, अनुमोदक जन्नत. सरपंचांनी मानधन घ्यावे. सकाळी नऊ ते एक पंचायतीत बसावे. तीननंतर स्वतःचे दुकान उघडावे. पंचायतीच्या कोणत्याही यंत्राला हात लावू नये, आणि पंपाची वायरिंग कोणालाही समजेल अशी करून घ्यावी. शेवटच्या कलमाला अनिलने चिपळूणहून फोनवर पाठिंबा दिला.

आठ दिवसांनी पाणी आलं. आणि पहिल्या तारखेला, मानधन खात्यात जमा झालं आणि ते परत करायला कुणी निघालं नाही त्याच दिवशी, सकाळी नऊच्या ठोक्याला काशीमावशी पंचायतीच्या दारात हजर. कॉलेजला सुट्टी होती म्हणून नबीला दीपकसाहेबांना रजिस्टर लिहायला मदत करत होती. काशीमावशी हाशिमभायच्या समोरच्या खुर्चीत नीट बसल्या, मांडी ठोकली, आणि सुरू झाल्या.

गटारापासून सुरुवात झाली. तिथून दिवे. दिव्यांवरून शेड, शेडवरून कुत्री, कुत्र्यांवरून दाखल्याच्या खेपा, साडेअकराचं येणं, पेपराखालची झोप. तीन महिन्यांचं साठलेलं होतं, आणि काशीमावशी उरलंसुरलं ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. मध्ये एकदा हाशिमभायचं तोंड उघडलं. “मी एक…” मग त्यांना आठवलं, आणि ते मिटलं. नबीला रजिस्टरमध्ये तक्रारी उतरवत होती. पान संपलं, तिने उलटलं. काशीमावशींच्या मागे रांग दारापर्यंत गेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं समाधान होतं.

एक वाजला. हाशिमभायनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला, किल्ल्या उचलल्या आणि अर्धे उठले.

“बस खाली,” काशीमावशी म्हणाल्या. “साडेअकराला यायचास ना? ते तास आधी भर. पगार घेतोस आता.”

हाशिमभाय बसले.